वेडेलिया की बकुळ? आधी जागा कोणाची, ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घराच्या पश्चिमेला 20 बाय 15 फुटांची मोकळी जागा आहे. दुपारनंतर तिथं रखरखीत ऊन असतं, भिंत तापते, आणि जोराचा पाऊस झाला की माती वाहून दारापर्यंत येते. रोपवाटिकेत तुम्हाला वेडेलिया, म्हणजे जमिनीवर पसरणारा पिवळ्या फुलांचा वेल, लावायला सांगितलं, चार महिन्यांत सगळं हिरवं होईल म्हणून. तुमच्या मनात मात्र बकुळ आहे. ती वाढायला वर्षं लागतात म्हणून तुम्ही अडलाय, आणि दोन्हींपैकी काय लावावं, कमी देखभाल कशाला लागेल, असं विचारताय.

बकुळ लावा. तिची जागा सगळ्यात आधी ठरवा. जमीन झाकायला काहीतरी हवंच, तेही लावा, पण वेडेलिया नको. आता हे का, ते सविस्तर सांगते. गेली 26 वर्षं मी बागा आखते आणि सांभाळते, आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बागेत येतो.

या दोन झाडांची तुलना 'हे बरं की ते बरं' अशी करता येत नाही, कारण दोघांची मुदतच वेगळी आहे. ग्राउंडकव्हर, म्हणजे जमीन झाकणारी बुटकी, पसरणारी झाडं, पुढच्या सहा महिन्यांत काय दिसेल ते ठरवतं. झाड पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत त्या घरात कसं राहायचं ते ठरवतं. ग्राउंडकव्हर चुकलं तर एका सुट्टीच्या दिवशी चार हात लावून उपटून टाकता येतं. झाड चुकीच्या जागी लावलं तर ते कळायलाच दहा वर्षं जातात, आणि तोवर त्याच्यावर पक्षी, सावली, आपला जीव, सगळंच जडलेलं असतं. म्हणून कागदावर आधी झाड येतं, त्याच्या बुंध्याचा ठिपका आणि पुढे होणाऱ्या घेराचं वर्तुळ काढायचं. उरलेल्या जागेचा विचार त्यानंतर.

तुमच्या दोन तक्रारी आहेत, तापणारी भिंत आणि वाहणारी माती. पहिलीवर ग्राउंडकव्हरचा फारसा उपयोग नाही. जमीन झाकलेली असली की ती तापत नाही, तिच्यावरून उठणारी झळ कमी होते, एवढं नक्की. पण दुपारी तीन-चार वाजता तिरपं ऊन थेट भिंतीवर येतं, ते अडवायला उंचावर दाट पानं लागतात. ते काम झाडाचं. दुसरी तक्रार मात्र ग्राउंडकव्हरच दूर करेल, आणि झाडापेक्षा कितीतरी लवकर. माती वाहते त्याची सुरुवात थेंबाच्या आपटण्यातून होते. उघड्या मातीवर टपोरा थेंब पडला की तिचे कण सुटे होऊन उडतात, बारीक कण छिद्रांत बसून वरचा थर लिंपल्यासारखा होतो, मग पाणी मुरत नाही आणि सुटे कण घेऊन वाहायला लागतं. जमिनीलगतची पानं तो थेंब झेलतात. उंच झाडाच्या पानांवरून ओघळणारं पाणी पुन्हा मोठे थेंब होऊन खाली आपटतं, त्यामुळे झाडाखालची जमीन उघडी राहिली तर मोठ्या सावलीच्या झाडाखालीही माती वाहते. जुन्या झाडांच्या उघड्या पडलेल्या मुळ्या पाहिल्या असतील तुम्ही. तेव्हा तुम्हाला दोन्ही हवीत.

सदाहरित या शब्दाबद्दल एक गैरसमज मला नेहमी भेटतो. सदाहरित म्हणजे पानं न गळणारं झाड नव्हे. पानं गळतातच, फक्त सगळी एकदम गळत नाहीत, जुनी जात असताना नवी आलेली असतात. म्हणजे पानझडीच्या झाडाखाली वर्षातले चार-सहा आठवडे भरपूर झाडलोट, आणि बकुळीखाली रोज थोडी. शिवाय तिची फुलं. ती पहाटे टपटप गळतात, चांदणीसारखी, फिकट पिवळसर पांढरी, आणि वाळली तरी त्यांचा वास जात नाही. ज्यांना हे आवडतं त्यांना ही झाडलोट कधी जड गेलेली मी पाहिली नाही. पुढे नारिंगी फळं येतात, पक्षी आणि वटवाघळं ती खातात, थोडी जमिनीवर पडून चिकट होतात. म्हणून फरसबंदीच्या किंवा गाडी उभी करण्याच्या जागेवर बकुळीची फांदी येऊ देऊ नका.

सदाहरित झाडाची सावलीही बारा महिने असते, आणि हे वरदान की अडचण ते दिशेवर ठरतं. उत्तर गोलार्धात थंडीतला सूर्य दक्षिणेकडे कललेला आणि खाली असतो. घराच्या दक्षिणेला दाट सदाहरित झाड लावलं तर थंडीतलं हवंहवंसं ऊनही गेलं, तिथं पानझडीचं झाड बरं. तुमची जागा पश्चिमेला आहे, म्हणजे दुपारचं तापदायक ऊन अडवण्याची. तिथं सदाहरित झाडाइतकं योग्य दुसरं काही नाही. उत्तम दिशा तुम्हाला आपसूक मिळालीय.

आता ज्या गोष्टीमुळे मी एवढं लांबलचक लिहायला बसले ती. लोक झाड आणि ग्राउंडकव्हर एकाच दिवशी, एकमेकांना खेटून लावतात. एक उंच, एक बुटकं, मग भांडण कसलं, असं वाटतं. भांडण जमिनीखाली असतं.

काही वर्षांपूर्वी एका बागेत मला बोलावलं होतं. बकुळीचं रोप लावून तीन वर्षं झाली होती आणि ते 'बसल्यासारखं' झालं होतं. रोप माझ्या कमरेएवढं, पानं बारीक, कडा करपलेल्या. भोवती वेडेलिया मात्र गुडघ्याएवढी, तजेलदार, पिवळ्या फुलांनी भरलेली. रोज संध्याकाळी पाइपनं पाणी दिलं जात होतं, तेव्हा पाणी कमी पडत असेल असं कोणाच्याच मनात आलं नव्हतं. मी बुंध्याजवळचा एक वेल धरून ओढला. तो टरटर आवाज करत सुटत गेला. हातभर वेलाला नऊ पेरं होती, आणि प्रत्येक पेरातून पांढऱ्या मुळांचा झुबका जमिनीत गेलेला. मोकळ्या झालेल्या जागेत बोट खुपसलं. वरची दोन बोटं माती ओली, आणि त्याखाली कोरडी भुकटी. रोजचं पाणी तो गालिचाच वरच्या वर पिऊन टाकत होता. बुंध्यापाशी आणखी वाईट चित्र होतं. वेलांच्या गर्दीत वारा लागत नसल्यानं सालीवर काळपट ओला पट्टा आला होता, नख लावलं की साल मऊ लागत होती. झाड मुळाशी तहानलेलं आणि बुंध्याशी सडत चाललेलं, दोन्ही एकाच वेळी.

आम्ही बुंध्याभोवती तीन फुटांपर्यंतची सगळी वेडेलिया हातानं काढली. कुदळ चालवली नाही, कारण झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूटभर मातीतच असतात. बुंधा मोकळा सोडून पालापाचोळ्याचा तीन इंचांचा थर दिला, आणि रोजच्या शिडकाव्याऐवजी आठवड्यातून दोनदा दोन बादल्या पाणी सावकाश मुरवायला सांगितलं. दुसऱ्या महिन्यात शेंड्याला पोपटी पालवी आली. ती पाहायला मी मुद्दाम गेले होते.

म्हणून माझा नियम: नव्या झाडाभोवती तीन फूट त्रिज्येचं वर्तुळ पहिली तीन वर्षं कोणालाही द्यायचं नाही. ग्राउंडकव्हर नाही, हिरवळ नाही, मोसमी फुलंही नाहीत. तिथं फक्त सुका पाला, लाकडाचा भुसभुशीत चुरा किंवा झाडांच्या फांद्यांची कुट्टी, दोन ते तीन इंच, आणि खोडापासून चार बोटं लांब. खोडाला टेकून रचलेल्या ढिगानंही बुंधा कुजतो. तुमच्या 300 चौरस फुटांतून हे वर्तुळ साधारण 28 चौरस फूट घेईल. एवढी जागा झाडाला द्यायला हरकत नसावी.

पाणीही दोघांना वेगवेगळं हवं. ग्राउंडकव्हरची मुळं उथळ, त्यांना थोडं पण वरचेवर चालतं. झाडाला एकदम भरपूर, सावकाश, आणि मग मध्ये खंड. रोज थोडंथोडं मिळत राहिलं तर झाडाची मुळंही ओलाव्यामागे वर येतात आणि पुढे एखादा आठवडा पाणी चुकलं की झाड मान टाकतं. झाडाला वेगळं आळं करा. पहिल्या वर्षी ते मुळांच्या गड्ड्याएवढं असू दे, आणि दर वर्षी घेराबरोबर बाहेर सरकवा. पाच वर्षांच्या झाडाला बुंध्यात पाणी ओतणारी माणसं मी रोज पाहते. पिणारी मुळं तोवर घेराच्या कडेला आणि त्याच्याही बाहेर पोचलेली असतात.

वेडेलिया नको म्हटलं, त्याचं कारण आता अर्धं कळलंच असेल. ती वाईट दिसते म्हणून नाही. उन्हात, थोड्या पाण्यावर, खराब मातीतही ती झटपट पसरते. उतारावरची माती धरायला तिच्याइतकं सोपं काही सापडत नाही, आणि म्हणूनच ती सगळीकडे लावली गेली. पण ती थांबत नाही. मूळची ती मध्य अमेरिका आणि कॅरिबियन भागातली. बाहेर गेली तिथं ओढ्याकाठ, पाणथळ जागा, रस्त्याच्या कडा व्यापत सुटली, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संस्थेच्या जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे. तुटलेला तुकडाही पेरापाशी मूळ धरतो. छाटणी करून कुंपणाबाहेर टाकलेली वेडेलिया पुढच्या पावसात तिथं उगवलेली दिसते. 'देखभाल नको' म्हणून लावलेल्या या वेलाच्या कडा वाढीच्या दिवसांत दर तीन आठवड्यांनी कापाव्या लागतात. ही देखभाल कमी म्हणायची का, तुम्हीच ठरवा.

तिच्या जागी मी तुम्हाला शोभेचा भुईमूग सुचवते. रोपवाटिकेत अराकिस म्हणून मागा. पानं भुईमुगासारखीच, फुलं पिवळी, उंची वीतभराच्या आत. हाही पसरतो आणि पेरापाशी मुळं धरतो, पण खोडावर चढत नाही, बुटका राहतो आणि वर्तुळाची कड फावड्यानं महिन्यातून एकदा कापली की आवरतो. शेंगवर्गातला असल्यामुळे याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जीवाणू हवेतला नत्र बांधतात, म्हणजे खतासाठी तो झाडाशी फारसा भांडत नाही. पाण्यासाठी भांडतोच, त्यामुळे वर्तुळाचा नियम त्यालाही लागू. पूर्ण उन्हात उत्तम, अर्ध्या सावलीतही चालतो. बकुळ मोठी होत जाईल तसतसा हाच गुण कामाला येईल. पायाखाली रोज तुडवला जाईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. येण्याजाण्याची वाट असेल तिथं सरळ फरशा टाका.

लावण्याआधी तणाचा बंदोबस्त केला नाही तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते. हरळी आणि लव्हाळा हे दोन शत्रू. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, वरचं पातं ओढलं की ते तुटतं आणि गाठ खाली तशीच राहते. मोकळ्या जागेला पाणी द्या, तण उगवू द्या, ओल्या मातीतून गाठींसकट काढा. मग पुन्हा पाणी, पुन्हा काढणी. असे तीन फेरे झाले की मगच रोपं लावा. सहा ते आठ आठवडे जातात, पण एकदा ग्राउंडकव्हर पसरल्यावर त्याच्यातून लव्हाळा निवडणं म्हणजे गालिच्यातून एकेक केस वेचणं आहे. रोपं एक फुटावर, ओळी एकमेकींच्या मधोमध येतील अशी. वर्तुळ वगळून तुम्हाला साधारण 270 रोपं लागतील. एवढी नको असतील तर दीड फुटावर लावा, सुमारे 120 रोपांत भागेल, पण जमीन झाकायला जास्त दिवस लागतील आणि तोवर तण काढत बसावं लागेल. मधल्या जागेत पाला पसरला की ते काम निम्म्यावर येतं.

आता बकुळीची लागवड. भिंतीपासून किमान 12 फूट, जमल्यास 15. जागेची लांबी 20 फूट भिंतीपासून बाहेर जाणारी असेल तर सोपं आहे. ती भिंतीला समांतर असून बाहेर फक्त 15 फूट मिळत असतील तर बुंधा 12 फुटांवर धरा आणि पलीकडे कोणाची हद्द किंवा रस्ता असेल तर तिकडच्या फांद्या लहानपणापासून वळणात ठेवा. बागेतली बकुळ साधारणपणे 10 ते 15 मीटरपर्यंत जाते, पण अगदी सावकाश, आणि छाटणी छान सोसते. वड-पिंपळाच्या कुळातल्या झाडांसारखी ती पाया उकरणारी म्हणून ओळखली जात नाही. तरी सांडपाण्याच्या जुन्या, झिरपणाऱ्या पाइपवर कुठलंच झाड लावू नये, कारण सांध्यातून पाणी झिरपत असेल तर मुळं तिथं पोचतातच.

रोप घेताना उंचीला भुलू नका. दहा फुटी रोप लहान पिशवीत वर्षानुवर्षं अडकलेलं असतं. मी तीन-चार फुटांचं घेते आणि दुकानातच पिशवी थोडी फाडून मुळं बघू द्या म्हणते. पिशवीच्या आत मुळं गोलगोल फिरलेली असतील तर ती जमिनीत गेल्यावरही तशीच गोल वाढत राहतात आणि काही वर्षांनी स्वतःच्याच बुंध्याला फास लावतात. बारीक मुळं फिरली असतील तर लावताना धारदार सुरीनं गड्ड्याला उभे तीन-चार काप द्या. अंगठ्याएवढं मूळ वेटोळं घालून बसलं असेल तर ते रोप परत करा. खड्डा खोल नको, रुंद हवा. खोली गड्ड्याएवढीच, रुंदी त्याच्या दुप्पट ते तिप्पट. खोड जिथं खाली पसरट होऊन मुळांना फाटे फुटतात, तो भाग जमिनीच्या पातळीला दिसला पाहिजे. तो मातीत गाडला गेला की झाड वर्षानुवर्षं कुढतं आणि कारण कोणाला कळत नाही. काठी लागलीच तर सैल बांधा आणि वर्षाच्या आत काढा, वाऱ्यानं थोडं हललेलं खोडच जाड होतं.

पहिल्या वर्षी बकुळ जवळजवळ काहीच करत नाही असं वाटेल. त्या काळात ती खाली काम करत असते. अराकिस तोवर सगळं हिरवं करून टाकेल, म्हणजे 'ओसाड दिसेल' ही तुमची काळजी तशीही मिटते.

सहा-सात वर्षांनी एक बदल होईल, त्याची तयारी ठेवा. बकुळीची सावली दाट असते. बुंध्याजवळचा अराकिस विरळ होईल, देठ लांब होतील, फुलं थांबतील. त्याला जास्त खत-पाणी देऊ नका, त्याची तिथली पाळी संपलेली असते. त्या सावलीत सावलीची झाडं आणा: क्लोरोफायटम, मोंडो ग्रास, नेचे. मला स्वतःला बकुळीखाली मोंडो ग्रास सर्वांत आवडतं, आणि त्याला व्यवहारातलं कारण आहे. बकुळीची पानं चिवट, लवकर न कुजणारी. सपाट पसरणाऱ्या झाडांवर ती चादरीसारखी बसतात आणि खालचं झाड गुदमरतं. मोंडोच्या पात्यांच्या मधून तीच पानं खाली उतरतात, दिसेनाशी होतात आणि तिथंच कुजून माती होतात. तेवढी झाडलोट कमी. आधीच मोठ्या झालेल्या झाडाखाली अशी रोपं लावायची असतील तर जमीन खणू नका आणि वरून मातीचा थर तर अजिबात टाकू नका. मुळांना हवा लागते, चार-सहा इंच नव्या मातीनंही ती कोंडतात. मुळांच्या मधल्या खाचांत मुठीएवढी लहान रोपं खुरप्यानं लावा आणि ती पसरायची वाट बघा.

देखभालीचा हिशेब मग असा पडतो: पहिली दोन वर्षं तण आणि कडा, म्हणजे ग्राउंडकव्हरचंच काम जास्त. झाडाचं काम आठवड्यातून दोनदा पाणी आणि वर्तुळ मोकळं ठेवणं एवढंच. तिसऱ्या वर्षानंतर दोन्हीकडचं काम कमी होतं. दर तीन-चार वर्षांनी अराकिस दाटला की थोडा काढून विरळ करावा लागतो. बकुळीची खालची फांदी वर्षाला एखादी काढत न्या, डोक्यावर मोकळं राहील इतपत. एकदम सगळ्या काढल्या तर खोड उन्हानं भाजतं.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की वेडेलियाची दहा-बारा रोपं आणून एका कोपऱ्यात लावूनही झाली आहेत. ती आताच काढा, पाऊस किंवा भरपूर पाणी दिल्यावर, माती मऊ असताना. वेलाचं टोक न ओढता पेराजवळ धरून मुळासकट उचला. काढलेला माल खताच्या खड्ड्यात किंवा ओढ्याकाठी टाकू नका, काळ्या पिशवीत घट्ट बांधून महिनाभर कडक उन्हात ठेवा. नुसती पानं नव्हे, पेरंही पूर्ण मेल्याची खात्री झाल्याशिवाय माल पिशवीबाहेर टाकू नका. मग दोन-तीन महिने त्या कोपऱ्यावर नजर असू द्या. तीन टोकांचं चकाकतं पान दिसलं की खाली राहिलेला तुकडा तिथंच आहे.